मादीची हमी

कुठलीही वस्तू आधी उलटी करून पाहिल्याशिवाय रान तेकुईंचा तिच्यावर विश्वास बसत नसे. त्यांचा सगळा जन्म बदकांची पिल्लं उबवून विकण्यात गेला होता. एका दिवसाचं पिल्लू हातात घ्यायचं, पालथं करायचं, बुडाखाली बोट लावायचं आणि ‘नर’ किंवा ‘मादी’ म्हणून टोपलीत टाकायचं. त्यामुळे सरळ धरलेली वस्तू त्यांना अर्धवट वाटे. पुतणीच्या लग्नात आहेर आलेला टीव्हीसुद्धा त्यांनी पालथा घालून पाहिला होता, आणि मगच ‘हं, ठीक आहे’ म्हणून जेवायला बसले होते.

त्यांच्या मुलीला, सूयुनला, या माणसाकडून शेड हवी होती.

ती चिनी नववर्षाला दक्षिणेतल्या कारखान्यातून घरी आली, ती परत जायचं नाही असं ठरवूनच. त्यांच्या खोऱ्यात वरच्या अंगाला एक छोटं जलविद्युत केंद्र होतं. पावसाळ्यात पाणी इतकं होई की केंद्राचा राखणदार वीज जवळजवळ फुकटच वाटत सुटे. पलीकडच्या खोऱ्यातली पोरं त्या विजेवर ग्राफिक्स कार्डं लावून आभासी नाणी ‘खणून’ काढत होती. सूयुनने सहा कार्डांपुरती पुंजी जमवली होती, सगळं शिकून घेतलं होतं. अडलं होतं फक्त कोरड्या जागेवाचून. आणि कोरडी जागा म्हणजे बाबांची पिल्लांची शेड.

“हे कार्ड करतं काय?” बाबांनी विचारलं होतं.

“दिवसरात्र गणितं सोडवतं. त्याबद्दल नाणी मिळतात.”

“बसल्या जागी?”

“बसल्या जागी.”

“गरम होतं?”

“खूप.”

“म्हणजे अंडी घालतं,” बाबा म्हणाले. सूयुनला यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही. “शेड देतो. पण कार्डं मी निवडणार. मला पटली नाहीत तर शेडमध्ये पिल्लं राहतील आणि तू कारखान्यात.”

म्हणून बापलेक छेंगदू शहराच्या संगणक बाजारात, कांगशेठच्या गाळ्यापुढे उभे होते. कांगशेठ हातात प्लॅस्टिकचे मोजे घालून सशाचं तिखट मुंडकं सोलून खात होता. गिऱ्हाईक बघून त्याने मोजे काढले नाहीत, मुंडकं तेवढं बाजूला ठेवलं.

“या काका. नाण्यांच्या खाणीसाठी ना? चेहऱ्यावरूनच ओळखलं.”

“माझ्या चेहऱ्यावर काय आहे?”

“दूरदृष्टी,” कांगशेठ म्हणाला आणि मागच्या थप्पीतून एक काळं, चौकोनी, एकाच पंख्याचं कार्ड काढून पुढे ठेवलं. “हे घ्या. गोंगबान. एकदम दणकट.”

आता या बाजारात ‘गोंगबान’ म्हणजे मूळ कंपनीने ठरवून दिलेल्या नमुन्यावर बनवलेलं कार्ड. ‘गोंग’ म्हणजे सार्वजनिक, सगळ्यांचा. पण त्याच ‘गोंग’चा दुसरा अर्थ नर. आणि रान तेकुईंच्या धंद्यात पहिल्या अर्थाशी कुणाला कधी काम पडलं नव्हतं.

त्यांनी कार्ड उलटं केलं. बराच वेळ खालून पाहिलं. मग खाली ठेवलं.

“नर आहे,” ते म्हणाले.

“हो, गोंगबानच. सगळी थप्पी गोंगबानच आहे.”

“सगळे नर?” बाबांनी थप्पीकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या नजरेत त्या थप्पीविषयी कणव होती. “आणि हे लावायचे कशाला?”

“मदरबोर्डला. एका मदरबोर्डला सहा लागतात.”

“मदर म्हणजे?”

“आई,” कांगशेठ म्हणाला.

बाबा दोन पावलं मागे सरले. “एका मादीवर सहा नर? अरे, आठवड्यात मरेल ती! तुम्हाला कुणी काही बोलत नाही?”

सूयुनला गोंगबान नकोच होती. एकच पंखा, त्याचा आवाज विमानासारखा, आणि पावसाळ्याच्या दमट उकाड्यात कार्ड तापून अर्ध्या ताकदीवर येणार. तिला दोन पंख्यांची हवी होती, मेमरी भरपूर, वीज कमी खाणारी. बाबा तिला हवं तेच म्हणत होते, फक्त कारण बदकांचं होतं. आत्ता खुलासा केला तर भर बाजारात बापाची फजिती, आणि फजिती झालेला बाप शेड देत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

“बाबा बरोबर बोलतायत,” ती म्हणाली. “आम्हाला नर नको.”

कांगशेठने आधी मुलीकडे पाहिलं, मग बापाकडे. दुपारची वेळ, बाजार सुस्त, आणि अशी करमणूक समोरून चालून आलेली. त्याने सशाचं मुंडकं कागदात गुंडाळून ठेवलं.

“मग असं सांगा ना काका! माद्या आतल्या बाजूला असतात.” त्याने आतून दोन पंख्यांची कार्डं आणली. “बघा. लाजाळू आहेत, जरा हळू.”

बाबांनी एकेक कार्ड उलटं केलं. सूयुन त्यांच्या खांद्यावरून बघत होती. “हिने अंडी घातलीत का आधी?” बाबांनी विचारलं.

“एक हंगाम,” कांगशेठ म्हणाला. “डोंगरात होती.”

“एक हंगाम उत्तम. पहिल्या हंगामाची अंडी बारीकच येतात.”

“काका, तुम्ही या धंद्यात किती वर्षं आहात?”

“जन्मापासून.”

सूयुनने त्यातलं एक कार्ड उजेडात धरलं. कडेने तेल पाझरल्यासारखा ओशट डाग होता, म्हणजे आतली उष्णता ओढून घेणारी पट्टी वितळून गळत होती. “ही नको,” ती म्हणाली.

“काय झालंय तिला?” बाबांनी विचारलं.

“हगवण.”

बाबांनी ते कार्ड दोन बोटांत धरून सगळ्यांपासून लांब, काउंटरच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि हात पुसले. कांगशेठने मुकाट्याने दुसरं काढून दिलं. सूयुनने एकेक कार्ड गाळ्यातल्या यंत्राला जोडून चालवून पाहिलं, पंख्यांना कान लावला. सहाही नीट चालली. आतापर्यंत शेजारच्या गाळ्यांतले चारसहा लोक चहाचे पेले घेऊन भोवती जमले होते.

“मादीची हमी आहे ना?” बाबांनी शेवटचं विचारलं.

“मादीची हमी!” कांगशेठने छातीवर मोजा ठेवून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं. छातीवर तिखट तेलाचा पंजा उमटला. लोक हसले.

समोरच्या गाळ्यात वायरी विकणाऱ्या लियाओताईंना मात्र ते बघवलं नाही. “पुरे की रे कांग! वडीलधाऱ्या माणसाची काय थट्टा लावलीयस? काका, अहो, गोंग म्हणजे नर नव्हे. सार्वजनिक! कार्डात कसले आलेत नर नि माद्या?”

हसू थांबलं. बाबांनी लियाओताईंकडे पाहिलं, कांगशेठकडे पाहिलं, आणि मग हळूच सूयुनकडे वळले.

“तुला माहीत होतं?”

“हो,” सूयुन म्हणाली. तिला पिल्लांनी भरलेली शेड दिसली, आणि कारखान्याच्या खोलीतली आपली वरची कॉट दिसली. “बाबा, मी—”

“थांब.” बाबांचे कान लाल झाले होते. त्यांनी सहापैकी एक कार्ड उचललं, नेहमीप्रमाणे उलटं केलं, आणि कांगशेठपुढे धरलं. “मग तू मला हमी कशाची दिलीस?”

“काका, ती आपली गंमत...”

“मी माद्या म्हणून पिल्लं विकतो. त्यातलं एखादं नर निघालं तर गिऱ्हाईक ते परत आणतं, मी मादी देतो. कधीही. दोन महिन्यांनी मोठा नर काखेत मारून आला तरी देतो. हमी म्हणजे हमी.”

“पण काका, यातलं नर कुठलं हे ओळखणार कसं?”

“त्यात काय? अंडी घालत नाही तो नर.”

कांगशेठचा चेहरा पडला. जुन्या कार्डाला या बाजारात हमी नसते. गाळ्याबाहेर पाय पडला की ते कार्ड तुमचं आणि तुमच्या नशिबाचं. हंगामभरात बंद पडेल ते कार्ड बदलून द्यायचं, असं आजवर कुणी मागितलं नव्हतं, कारण असं मागता येतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“बोललास तू,” लियाओताई म्हणाल्या. “मी ऐकलं.”

“मीपण,” चहाचा एक पेला म्हणाला.

“छातीवर हात ठेवून,” दुसरा म्हणाला. “डाग आहे बघ अजून.”

कांगशेठने छातीकडे पाहिलं. “ठीक आहे,” तो म्हणाला. “पावसाळा संपेपर्यंत. नर निघाला तर बदलून देईन. पण काखेत मारून आणायचं नाही, नीट खोक्यात आणायचं.”

“खोक्यात गुदमरतात,” बाबा म्हणाले, मग जरा थांबून, “बरं. खोक्यात.”

गावाकडच्या बसमध्ये सहा कार्डं दोघांच्या मांडीवर तीन-तीन अशी बसली होती. शहर मागे पडलं. सूयुनने बाबांना संत्रं सोलून दिलं, ते त्यांनी खायला घेतलं. यावरून ते रागावलेत का ते कळेना, कारण संत्रं ते रागातही खात.

“बापाचं हसं होत असेल तर सांगावं माणसाने,” ते शेवटी म्हणाले.

“सांगेन.”

“सौदा झाल्यावर सांगावं.”

“बरं.”

“त्या वायरवाल्या बाईला दोन पिल्लं पाठवून दे. माद्या.” त्यांनी मांडीवरची खोकी सारखी केली. “शेडचा दरवाजा नदीकडचा आहे. रात्री वारा येतो. तुझ्या या बायांना वारा बाधतो का?”

“उलट, लागतोच,” सूयुन म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की शेड मिळाली. तिने खिडकीबाहेर पाहिलं, कारण एवढं मोठं हसू बसमध्ये बापासमोर दाखवणं तिला बरं दिसेना.

“पण बाबा, पिल्लं कुठे ठेवणार?”

“तुझ्या खोलीत. टोपल्या लावूनही झाल्या सकाळी.”

“सकाळी? आणि कार्डं पटली नसती तर?”

“तर तू कारखान्यात असतीस, खोली रिकामीच राहिली असती.”

“आणि पटली तर मी कुठे झोपणार?”

बाबांनी संत्र्याची शेवटची फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. या बाजूने त्यांनी ही गोष्ट उलटी करून पाहिलीच नव्हती.

“शेडमध्ये झोप,” ते म्हणाले. “ऊब आहे.”