दोन बोटं आखूड

मंडपातल्या मोठ्या पडद्यावर फक्त दोन टाचा दिसत होत्या. प्रत्येक टाच पाण्याच्या टाकीएवढी. डावी पुढं आणि उजवी तिच्यामागं चांगली दोन बोटं. सगळा मंडप श्वास रोखून त्या टाचांकडं बघत होता. इतक्या भक्तिभावानं त्या टाचा ज्याच्या त्या माणसाच्या तोंडाकडं आजवर कुणी बघितलं नसेल.

"नोड्री, नोड्री! बघा मायबाप!" महाराज माइकात ओरडले. "हा पाय आखूड कुणी केला? भावकीनं केला! करणी कुटं बसली? कंबरंत बसली! मी सोडतो का? न्हाय सोडत! ये म्हणतो, ये! लांब हो म्हणतो, हो!"

आणि उजवी टाच सरकली. हळूहळू पुढं येत डावीच्या बरोबरीला येऊन थांबली. बायकांनी पदर डोळ्याला लावले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, हलगीवाल्यानं तर हलगी फोडायचीच बाकी ठेवली.

महाराजांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळा जिल्हा त्यांना दोनबोटे महाराज म्हणायचा. मान दुखो, गुडघा दुखो, पाठीत उसण भरो, त्यांचं निदान ठरलेलं: पाय दोन बोटं आखूड. दीड कधी नाही, तीन कधी नाही. करणी करणाऱ्या भावकीला मापाची एवढी शिस्त कुणी लावली, हा प्रश्न मंडपात कुणाला पडला नाही. ज्याला पडला असेल त्यानं तो मुकाट गिळला असेल.

रांगेत गोजरबाई उभ्या होत्या. उभ्या म्हणजे शेजारच्या मुक्ताबाईंच्या खांद्यावर सगळा भार टाकून कशाबशा टिकलेल्या. उजवं पाऊल जमिनीला टेकलं की जांघेतून सुरी फिरल्यासारखी कळ यायची आणि डोळ्यांपुढं अंधारी.  पण या बाईला कळेपेक्षा भीतीनंच जास्त खाल्लं होतं.

दुखणं आलं ते काही कारण न सांगता. सोमवारी सकाळी न्हाणीत पाटावरून उठताना उजव्या खुब्यात कट्कन काहीतरी झालं. पडणं नाही, घसरणं नाही. भिंत धरून त्या बाहेर आल्या आणि कॉटवर बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्याच नाहीत. सून ऋतुजा शाळेत खेळाची शिक्षिका. तिनं सासूची चाल बघितली आणि लगेच म्हणाली, "आई, हाडाच्या डॉक्टरकडं जाऊ या. एक एक्स-रे काढू, म्हणजे कळेल तरी."

"वात हाय गं. शेकलं की जातंय."

"वात असला तर डॉक्टर तसं सांगतील की."

"मला कुटं न्हेऊ नगंस म्हंते ना!"

हे त्या एवढ्या जोरात बोलल्या की ऋतुजानं विषय तिथंच सोडला. तिला काय माहीत, एक्स-रे म्हटल्याबरोबर सासूला काय आठवलं होतं. दुधनीची अक्का, गोजरबाईंची थोरली बहीण, तिचंही दुखणं खुब्याचंच. अक्काला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते चौघांच्या खांद्यावर. तेव्हापासून गोजरबाईंच्या मनात हिशेब पक्का बसला होता: खुबा, मग दवाखाना, मग तिरडी. दवाखाना टाळला की पुढचंही टळतं.

मग त्या दुखणं लपवू लागल्या. सून घरात असली की झोपल्याचं सोंग, मुलगा शिवराज कामावरून आला की "बरं हाय आता". गुरुवारी मुक्ताबाई देवदूतासारख्या दारात हजर. "अगं, महाराज आपल्या जुळे सोलापुरात आलेत! सुरी न्हाय, सुई न्हाय. नुसता हात लावत्यात." सुरी न्हाय हे दोनच शब्द गोजरबाईंनी ऐकले. देवळात जातो असं सांगून दोघी रिक्षात बसल्या.

मंडपाच्या दारात एका चेल्यानं विचारलं, "कोणता पाय, मावशी?" त्यांनी सांगितलं. तेच पुढं व्यासपीठावर महाराजांनी डोळे मिटून, आकाशाकडं तोंड करून, अंतर्ज्ञानानं ओळखलं. "उजवा!" ते म्हणाले. लोकांनी हात जोडले.

"बर्री, कूड्री अम्मा," म्हणत त्यांनी गोजरबाईंना खुर्चीत बसवलं आणि दोन्ही टाचा हातात धरून पाय वर उचलले.  पडद्यावर टाचा आल्या. उजवी दोन बोटं आखूड! त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग महाराजांनी उजवा पाय धरला आणि हिसका देऊन ओढला.

गोजरबाई जी किंचाळल्या, ती किंकाळी मंडपाबाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेली असेल.

"गेली!" महाराज गरजले. "ऐकलं का? वरडत गेली! ही बाई न्हाय वरडली, करणी वरडली!"

म्हणजे बघा, दुखलं बाईला आणि श्रेय करणीला. दोन चेल्यांनी बगलेत हात घालून गोजरबाईंना उचललं आणि हलगीच्या ठेक्यावर व्यासपीठाच्या एका टोकाकडून दुसरीकडं नेलं. पावलं जमिनीला जेमतेम लागत होती. लोकांना वाटलं, म्हातारी चालली. गर्दी, गलका, धडधडणारं काळीज, या सगळ्यात क्षणभर गोजरबाईंनाही तसंच वाटलं.

उतरताना महाराज कानाशी वाकले. "एकवीस दिवस दवाखान्याची पायरी चढायची न्हाय, अम्मा. यंत्र अंगावरून फिरलं की करणी दुप्पट होऊन माघारी येती. मग माझ्याकडं बी विलाज न्हाय."

घरी आणलं ते रिक्षावाल्या गुफराननं. त्यानंच मुक्ताबाईंच्या मदतीनं खुर्चीत बसवून लिफ्टनं वर नेलं, कॉटवर निजवलं आणि जाताना म्हणाला, "मावशी, दवाखान्यात नेऊ का? तुमचा चेहरा पांढरा पडलाय." गोजरबाईंनी मान हलवली. अंगावर चादर ओढून त्या छताकडं बघत पडून राहिल्या. हलल्या नाहीत तर कळ येत नव्हती. म्हणून त्या हलतच नव्हत्या. आता भीती दोन्हीकडून होती. पाय तर पहिल्यापेक्षा भयंकर दुखत होता, दगडासारखा जड झाला होता. सांगावं तर दवाखाना, दवाखान्यात गेलं तर करणी दुप्पट. आड आणि विहीर यांच्या मधल्या कठड्यावर ती बाई पडली होती, आणि तिला त्या कठड्यावर कुणी बसवलं ते तिला दिसत नव्हतं.

दुपारी ऋतुजा शाळेतून आली, पाठोपाठ शिवराज जेवायला. मुक्ताबाईंच्या पोटात काही राहतंय होय! त्यांनी सगळं रसभरीत सांगितलं, वर मोबाईल पुढं केला. "मी सोता काडलाय व्हिडिओ. व्यासपीठाच्या बाजूला उबं राहून. बघ, कसा पाय वाडला ते!"

शिवराजचा पारा चढला. "आई, तू त्या भोंदूकडं गेलीस?"

"असं बोलू नगंस रे," गोजरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "गेलेली करणी ऐकती सगळं. बरं वाटतंय मला."

ऋतुजानं मुक्ताबाईंच्या हातातून मोबाईल घेतला. ती व्हिडिओ बघत होती. संपला की पुन्हा पहिल्यापासून. मंडपातल्या पडद्यावर नुसत्या टाचा होत्या, पण मुक्ताबाईंनी बाजूनं अख्खी बाई, अख्खा महाराज आणि त्याचे हातही टिपले होते.

"वैष्णवी, इकडं ये. खुर्चीत बस," तिनं लेकीला हाक मारली. अकरा वर्षांची वैष्णवी उड्या मारत आली. ऋतुजानं तिचे पाय सरळ उचलले, टाचा एकमेकींना लावल्या. दोन्ही बरोबर. मग टाचा तशाच जुळवून धरून तिनं दोन्ही पाय वैष्णवीच्या डाव्या बाजूला थोडेसे नेले आणि स्वतःही तितकीच वळली. "बघा."

उजवी टाच मागं पडली होती. चांगली दोन बोटं.

"अगं बया!" मुक्ताबाई दचकल्या. "पोरीवर बी करणी?"

"आता बघा हं. ये म्हणतो, ये! लांब हो म्हणतो, हो!" ऋतुजानं पाय हळूच मधे आणले. टाचा सारख्या झाल्या. वैष्णवी खिदळायला लागली. "आई, परत! आता डावा आखूड कर!" ऋतुजानं पाय उजवीकडं नेले. डावा आखूड झाला.

"आपली कंबर रुंद आहे ना," ऋतुजा म्हणाली. "पाय एका बाजूला नेले की पलीकडचा पाय लांबून येतो, म्हणून तो मागं पडतो. पाय तेवढाच असतो. तुमच्या व्हिडिओत बघा, महाराज आधी टाचा बाजूला नेतो आणि कॅमेरावाला त्याच्याबरोबर वळतो. पडद्यावर कंबर दिसतच नाही, मग वळलेलं कळणार कुणाला? मुक्तामावशी, बसा तुम्ही. तुमचाही करून दाखवते."

मुक्ताबाईंचा झाला. शिवराजचाही झाला. पाचच मिनिटांत त्या घरातल्या तीन माणसांना करणी लागली आणि उतरलीही, तीही हलगीशिवाय.

गोजरबाई कॉटवरून मान वळवून बघत होत्या. नातीचा पाय आखूड होताना बघून त्यांना हसू यायला हवं होतं. पण त्यांच्या मनात एकच प्रश्न घुमत होता: करणी नव्हती, तर मग दुखतंय काय?

"आता तुमचे बघू, आई. हात लावणार नाही, नुसतं बघते. सरळच झोपा," म्हणत ऋतुजानं त्यांच्या पायांवरची चादर उचलली.

आणि ती तशीच उभी राहिली.

डावं पाऊल छताकडं बोटं करून होतं. उजवं बाहेरच्या बाजूला पार कलंडलेलं. आणि उजवी टाच डावीपेक्षा वर, कंबरेच्या दिशेनं सरकलेली होती. कुणी पाय धरले नव्हते. कुणी वळवले नव्हते. हा पाय मात्र खरोखर आखूड होता.

"आई," ऋतुजाचा आवाज बदलला, "पाऊल सरळ करता येतंय का?"

गोजरबाईंनी प्रयत्न केला. पाऊल हललं नाही. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. "काय झालंय गं? काय दिसतंय तुला?"

"हाड मोडलंय असं वाटतंय. हलू नका. अजिबात हलू नका. शिवराज, एकशे आठला फोन लाव. आपण उचलायचं नाही, स्ट्रेचर येऊ दे."

"दवाखाना नगं!" गोजरबाईंनी सुनेचा हात घट्ट पकडला. त्या आता उघड रडत होत्या. "अक्का गेली की गं दवाखान्यात! खुब्याचंच व्हतं. मी बी तशीच जाणार. मला हितंच मरू दे."

शिवराज काही बोलणार होता, ऋतुजानं त्याला हातानं थांबवलं आणि कॉटजवळ खाली बसली. "अक्कामावशींना दवाखान्यात नेलं तेव्हा त्या कशा होत्या?"

"कशा म्हंजे? पाटीला जखमा झाल्या व्हत्या झोपून झोपून. ताप उतरत नव्हता. अन्न जात नव्हतं."

"आणि त्याच्याआधी कुठं होत्या?"

"घरीच की. दिवाळीपासनं आकाडीपतूर घरीच. पाय ओडणारा एक जण यायचा, दर आमुशेला…"

गोजरबाई बोलता बोलता थांबल्या. स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य त्यांनी जणू पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं त्या ही गोष्ट शेवटाकडून सांगत आल्या होत्या. शेवटी दवाखाना आला, म्हणून पाप दवाखान्याच्या माथी. दिवाळीपासून आखाडीपर्यंतची महिनेच्या महिने चाललेली ओढाओढ कुणी मोजलीच नव्हती. अक्का दवाखान्यानं गेली नव्हती. दवाखाना उशिरा आला म्हणून गेली होती.

भीती गेली नाही. ती अशी एका वाक्यानं जात नसते. पण तिनं तोंड वळवलं. आता गोजरबाईंना दवाखान्याची नाही, या कॉटची भीती वाटायला लागली.

"ने मला," त्या म्हणाल्या. "लवकर ने."

हाडाच्या डॉक्टर माहेनूर शेख वयानं ऋतुजाएवढ्याच होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. "मावशी, हे मांडीचं हाड. इथं खुब्याजवळ त्याची मान असते. वयानं हाडं ठिसूळ झाली की न पडताही तिथं तडा जातो. मला वाटतं, सोमवारी तसाच तडा गेला असणार. तेव्हा तुकडे एकमेकांत रुतून जागेवर होते, म्हणून तर तुम्ही भिंत धरून चालू शकलात. त्याच दिवशी आला असता तर बहुतेक स्क्रू घालून भागलं असतं."

"आन् आता?"

"आता तुकडे सरकलेत. कुणी पाय ओढला का?"

 मुक्ताबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडात पदर कोंबला.

"आता हाडाचा वरचा गोळा बदलावा लागेल. ऑपरेशन मोठं आहे, धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण नाही केलं तर तुम्ही झोपूनच राहाल, आणि त्यात जास्त धोका आहे. झालं की दुसऱ्या दिवशी उभं करू."

दुसऱ्या दिवशी उभं राहायचं, हे गोजरबाईंना खरं वाटलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना चमत्काराचं वचन न देता, धोका सांगून, खरं बोललं होतं. त्यांनी संमतीच्या कागदावर अंगठा नाही, सही केली. 

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर आला. दोन्ही पाय जमिनीला लागले तेव्हा गोजरबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. कळ आली, पण ती टाक्यांची होती. सुरी फिरली नाही. त्या उभ्या राहिल्या आणि लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या.

मुक्ताबाई पायाशी बसल्या. "गोजरा, मी न्हेलं गं तुला तितं. माझ्या पायी झालं."

"तू न्हाय न्हेलंस. माझ्या भ्यानं न्हेलं मला. तू रिक्षा तेवडी बोलावलीस."

शिवराजनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली होती. दुपारी हवालदार वॉर्डात जबाब घ्यायला आला. "मावशी, तो बाहेर सांगत सुटलाय, जी बाई माझ्याविरुद्ध बोलंल तिला शाप लागंल. विचार करून सांगा."

गोजरबाईंना पुन्हा भीती वाटली. एवढ्या वर्षांची सवय, ती कुठं जाते? त्यांनी उशीला पाठ टेकली, शेजारच्या कॉटांवरच्या बायकांकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "लिवून घ्या. माझं नाव पयलं घाला."

हवालदारानं लिहायला सुरुवात केली, "सदर इसमाने दैवी शक्तीचा दावा करून…"

"ते तुमचं तुमी लिवा. खाली माझं असं लिवा," गोजरबाईंनी त्याला अडवलं. त्या मोठ्यानं बोलत होत्या, सगळ्या वॉर्डाला ऐकू जावं म्हणून. "अचानक दुकाय लागलं, पाय टेकवंना, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाकवा. भ्या वाटतंय? वाटू दे. मला बी लई वाटलं, अजून वाटतंय. पण ते भ्या डॉक्टरपुडं बोलून दाकवा. महाराजापुडं न्हेऊ नका, त्याचा धंदा आपल्या भ्यावरच चालतोय."

हवालदारानं मान खाली घालून ते जसंच्या तसं लिहून घेतलं.