अरबी सोडायची की ठेवायची

अरबीचा वर्ग सोडायचा की ठेवायचा, या एका प्रश्नावर शैलेंद्रने दोन आठवड्यांत अर्ध्या शारजाचं मत घेतलं होतं. ऑफिसातला वसईचा मॉरिस म्हणाला, सोड. बिल्डिंगखालच्या फार्मसीतला हनीफ म्हणाला, मुळीच सोडू नको. पुण्याच्या बहिणीने कुणा डॉक्टरच्या मेहुण्याला विचारून तिसरंच काहीतरी कळवलं. विचारायची राहिली होती ती फक्त जिचा वर्ग होता ती, म्हणजे अवनी, त्याची एकुलती एक लेक.

अवनी शारजाच्या युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला होती. सगळ्या विषयांत ए, आणि रुग्णांशी बोलायची अरबी शिकवणाऱ्या एका ऐच्छिक विषयात सहामाहीला शंभरात एकेचाळीस. पोरगी शारजात जन्मली, शाळेत नऊ वर्षं अरबी शिकली. म्हणजे काय, पाठ केलं आणि पास झाली. आपली सगळ्यांचीच पोरं तशीच पास होतात, उगाच तिला एकटीला कशाला बोला! आता तिला मेडिकल कॉलेजच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. वर्ग ठेवला तर फार तर सी मिळणार आणि सरासरी घसरणार. सोडला तर मार्कशीटवर अर्धवट सोडल्याचा डब्ल्यू कायमचा बसणार. सोडायची मुदत गुरुवारी दुपारी बारापर्यंत, आणि मुलाखतही गुरुवारीच, अकराला, तीही अबू धाबीत खलिफा सिटीजवळ.

शैलेंद्रचं मत सोडण्याचं. हमरिया फ्री झोनमध्ये बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत तो क्वालिटी मॅनेजर होता. एक झाकण वाकडं निघालं की अख्खा खोका बाद, ही एकोणीस वर्षांची सवय. "एक सी सगळे ए खाऊन टाकेल," असं तो रोज जेवताना म्हणायचा. प्रमिला, त्याची बायको, भाजी वाढता वाढता म्हणायची, "उंटावरचे शहाणे आहात तुम्ही. वर्ग तिचा आहे, तिलाच ठरवू द्या ना." त्यावर तो म्हणायचा, "ठरवू दे की! मी कुठे नाही म्हणतोय?" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

गुरुवारी पहाटेच निघाले म्हणून ट्रॅफिकमधून सुटले. गाडीत त्याने विचारलंच, "मग? काय ठरलं?"

"आय डोन्ट नो, बाबा. मुलाखत वीस मिनिटांची आहे. बाहेर आल्यावर ठरवते."

"बारा वाजता बंद होतं हां."

"आय नो!"

मुलाखतीला फोन आत न्यायला बंदी होती. तिने आपला फोन त्याच्या हातात दिला, ओढणी सारखी केली आणि आत गेली. तो पार्किंगमध्ये एसी लावून बसला.

साडेअकरा झाले. अवनी बाहेर आली नाही. पावणेबारा झाले, तरी नाही. तिच्या फोनवर युनिव्हर्सिटीचा निरोप टपकला, शेवटची पंधरा मिनिटं.  पोरगी आत अडकली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली की बाबा, तुझ्याकडे फोन होता ना रे, मग? तर काय उत्तर द्यायचं? फोन उघडायचा नंबर त्याला ठाऊक होता, युनिव्हर्सिटीच्या पोर्टलचा पासवर्ड तर त्यानेच बनवला होता. एमिरेट्स आयडीपासून लायब्ररीच्या कार्डापर्यंत पोरीचे सगळे फॉर्म तोच भरत आला होता. प्रेमानेच करत होता हो, पण प्रेमाने केलेल्या गाढवपणाला वेगळं नाव थोडंच असतं?

बाराला सहा मिनिटं असताना त्याने वर्ग सोडायचं बटण दाबलं. ओटीपी त्याच्याच हातातल्या फोनवर आला, तो भरला, आणि वर्ग सुटला. "खलास," तो मोठ्याने म्हणाला, आणि त्याला खरंच हलकं वाटलं.

अवनी सव्वाबाराला आली ती जवळजवळ पळतच, आणि गाडीत बसली. एवढं खुललेलं तिचं तोंड त्याने बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"बाबा, पन्नास मिनिटं जास्त घेतली! डॉक्टर खतीजा म्हणून आहेत, त्यांनी थेट विचारलं, या अरबीत एवढे कमी मार्क, आज शेवटची तारीख म्हणतेस, सोडणार का? आणि माझं तिथल्या तिथे ठरलं. मी म्हटलं, नाही सोडणार. एकवीस वर्षं इथे राहतेय आणि एखाद्या आजीला कुठे दुखतंय एवढंसुद्धा मला धड विचारता येत नाही. सी आला तर येऊ दे. त्यांनी लिहून घेतलं, बाबा!"

 शैलेंद्रला गप्प राहता आलं असतं. आठ-दहा दिवस तरी कुणाला कळलं नसतं. पण तिच्या त्या तोंडाकडे बघून त्याला खोटं बोलवेना.

"अवनी, मी सोडला गं तो. तुझ्या फोनवरून. मला वाटलं, तू अडकलीस."

तिने फोन घेतला, बघितला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी त्यांना खोटं सांगून आले." आणि दार उघडून परत इमारतीकडे चालायला लागली. तो कुलूप लावायचंही विसरून तिच्या मागे धावला.

डॉक्टर खतीजा जेवायला निघाल्या होत्या. निरोप मिळाल्यावर खाली लॉबीत आल्या, पन्नाशीच्या, पायघोळ काळ्या अबायातल्या, घाई नसलेल्या.

"डॉक्टर, मघाशी मी म्हटलं वर्ग सोडणार नाही," अवनी म्हणाली. "पण तो बाराच्या आधीच सुटला होता. मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या कागदावर चुकीचं राहायला नको."

"कुणी सोडला?"

अवनी खाली बघत राहिली. बापाचं नाव घ्यायला तिची जीभ वळेना. ते शैलेंद्रने बघितलं. इतकं करूनही पोरगी आपल्यालाच पाठीशी घालतेय!

"मी," तो म्हणाला. "तिला न विचारता. तिचा फोन माझ्याकडे होता. चूक माझी आहे मॅडम, तिची नाही."

डॉक्टर खतीजांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि अवनीला विचारलं, "तुझे निर्णय वडील घेतात?"

डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला विचारायचा याहून वाईट प्रश्न नसेल. शैलेंद्रला वाटलं, झालं, पोरीची सीट आपण आपल्या हाताने घालवली.

"आजपर्यंत घेत होते," अवनी म्हणाली. नजर वर होती. "परत इथे यायचं मात्र मी ठरवलं."

"आणि युनिव्हर्सिटीने वर्गात परत घेतलं नाही तर?"

याचं उत्तर शैलेंद्रच्या जिभेवर तयार होतं. मी डीनला भेटतो, लिहून देतो, मॉरिसच्या ओळखीचा एक जण आहे तिथे, दोन तासांत काम करून आणतो. त्याचं तोंड उघडलंसुद्धा. अवनीनेही सवयीने त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि तो हात मागे बांधून एक पाऊल मागे सरला. एवढं एक पाऊल सरायला त्याला किती जड गेलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

 मग अवनी डॉक्टरकडे वळून हळूहळू, अडखळत, अरबीतच बोलायला लागली. एक शब्द चुकला, डॉक्टरांनी सुधारला, तिने पुन्हा म्हटला. शैलेंद्रला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. चोवीस वर्षं इथे काढून त्याला येत होतं ते यल्ला, म्हणजे चला, आणि खलास. आपल्या पोरीने स्वतःच्या आयुष्याचं काय सांगितलं, हे त्याला पहिल्यांदाच तिलाच विचारावं लागणार होतं, आणि विचारायला तो गाडीपर्यंतही थांबला नाही.

"काय म्हणालीस गं?"

"म्हटलं, नाही घेतलं तर मार्कांशिवाय वर्गात मागे बसून शिकेन," अवनी म्हणाली. "आणि शारजाला युनिव्हर्सिटीचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचंय, तेव्हा निघते म्हटलं."