ओरखडा माझा आहे

मित्रांनो, मी एक जुना घोटा आहे. घोटा म्हणजे मातीची भांडी घासून चकचकीत करायचा गुळगुळीत दगड. सांता क्लारा प्वेब्लो या अमेरिकेतल्या आदिवासी गावाच्या नदीकाठी युलालिया कुंभारणीच्या आजीने मला उचललं, आणि तेव्हापासून मी आईकडून लेकीकडे येत राहिलो.

युलालियाच्या हाती माझे दिवस सुखाचे गेले. माती खणण्याआधी ती मातीआईला मक्याचं पीठ वाही. भांडं अर्धवट सुकलं की त्यावर पाणसर्प कोरी. म्हणे, "पाण्याची वाट त्यालाच ठाऊक. तो रुसला की आपण कोरडे." मग तांबड्या मातीचा पातळ लेप देऊन कोरीवकामाचा उंच राहिलेला भाग ती माझ्याने घोटी. मध्येच थांबायची सोय नव्हती. लेप वाळला की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. शेणाच्या धुरात कोंडलेलं भांडं काळंभोर होऊन निघे, तेव्हा सर्पाच्या पाठीत तोंड बघून घ्यावं. लोक तिची वाहवा करत, आणि मी उगाच फुगे.

युलालिया गेली त्या दिवशी तिच्या उशाखालून मी सिमेंटच्या जमिनीवर पडलो. माझ्या कडेची केसाएवढी कपची उडाली. रडारडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या लेकीने, रोझिनाने, मला उचलून छातीशी धरलं.

तेव्हापासून मी भांडी ओरबाडतो आहे. रोझिना आईपेक्षाही सुबक कोरते. पण घोटताना सर्पाच्या मानेवर बारीक ओरखडा उठतोच. ती खरवडते, लेप देते, घोटते, आणि पुन्हा ओरखडा.

"तुझा हातच जड गं," टोमासा मावशी म्हणाली. "भांडं घोटतेयस की पावाचं पीठ मळतेयस?"

"दगड तर आईचाच आहे, मावशी."

"म्हणून तर म्हणते. दगडाला काय झालंय?"

रोझिनाला ते पटलं होतं. मला तोंड नाही याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं.

काल तिने शेवटचं भांडं अंगणात आपटून फोडलं. सोमवारपासून ती शहरातल्या हॉटेलात चादरी बदलायला जाणार आहे. रात्रीच्या जेवणाआधी तिने मला आपल्या मुलीच्या, बेलिनाच्या, तळहातावर ठेवलं.

"आजीचा आहे, जिवापाड जप. माझ्या हातात कला नव्हती. तुझ्या हातात असेल."

बेलिनाने मूठ घट्ट मिटली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण कधीतरी त्यांच्यावरून नख फिरवून बघा. मला जपू नका, मी हात जोडतो, मला फेकून द्या. उद्या ती पोर माझ्याने घोटायला बसेल, आणि ओरखडा उठला की आपल्याच बोटांकडे बघेल. नदी इथून जवळ आहे आणि तिथे गुळगुळीत दगड पुष्कळ आहेत. एवढं कुणीतरी तिला सांगा.