महाशिरेवरचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना आणि संतापलेला चिमटा आहे. डॉक्टर मला क्लॅम्प म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी मोठी रक्तवाहिनी घट्ट दाबून धरायची, हे माझं काम. पोलादातून घडलो आणि नाशिकच्या एका रुग्णालयात आयुष्य काढलं. माझ्या पकडीचं कौतुक करणारे भेटले, तसे मला ओलाच टाकून जाणारेही. पण माझा खरा राग वेगळाच आहे.

त्या दिवशी टेबलावर भागीबाई होत्या, हरसूलजवळच्या पाड्यावरच्या. चेहरा सुजून गोल, ओठावर दाट लव, बीपी चढलेलं. भूल देण्याआधी त्या बोलू लागल्या.

"दोन वरसं सांगत व्हते, आत कायतरी बिघडलंय. गावातला डाक्टर म्हने, भात कमी खा. पोटाला हातबी नाय लावला. बाया मिशीवाली म्हनून हसायच्या."

डॉक्टर मोहिनींनी त्यांचा हात धरला. "मावशी, किडनीच्या डोक्यावर एक ग्रंथी असते. तिथे कॅन्सरची गाठ झालीय. हे सगळं तिनं केलंय. तुमचा काही दोष नाही."

अशी गाठ क्वचितच होते, पण झाली की हावरट. ती ग्रंथीतून पसरत, हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महाशिरेत घुसली होती. तुकडा सुटून फुप्फुसात अडकला असता, तर खेळ खलास!

"क्लॅम्प!"

मला गाठीच्या वर लावलं, दुसऱ्या चिमट्याला खाली. मी दात आवळले. मोहिनींनी शीर चिरली आणि आत शिरलेली गाठ अलगद ओढून काढली. हृदयाकडे जाणारं रक्त आम्ही अडवल्यानं बीपी कोसळलं. माझ्या दातांमागे रक्त धडका मारत होतं. मी सुटलो नाही. शीर शिवून झाली, मला काढलं, तेव्हा कुठे बीपी सावरलं.

मोहिनींनी हातमोजे भिरकावले. "वेळेवर तपासलं असतं, तर ही शिरेत शिरलीच नसती!"

परवा सुवर्णा सिस्टर सांगत होत्या, भागीबाईंची सूज उतरलीय. गोळ्या चालू आहेत, गाठ परत येण्याची भीतीही आहे. पण गावी जाताच भागीबाई थेट त्या 'भात कमी खा' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे गेल्या. भरल्या दवाखान्यात पदर सारून व्रण दाखवला. "हे भातानं नाय झालं! ह्या बसल्यात त्या बाया तरी नीट तपास."

मित्रांनो, मला कोरडं पुसून ठेवा, एवढं मागतो. आणि एखादी बाई तेच दुखणं तिसऱ्यांदा सांगत असेल, तर पहिल्यांदाच सांगतेय असं समजून ऐका.