गाण्यातली अराबा

घानातल्या सेकोंडीच्या बाजारात मासळीला धुरी देताना ते गाणं कानावर आलं की अराबाच्या हातातली जाळी आपटायचीच. ‘अराबा, परत ये, श्रीमंताघरी तुला झोप कशी लागते?’ सारा देश त्यावर नाचला होता. गावात कुणी नवरा सोडला की पोरी म्हणायच्या, “अराबा झाली गं!”

खरं तर तिचा नवरा एबो क्वान्सा गिटार घेऊन अक्राला गेला, तेव्हा अराबा पोटुशी होती. “बस्तान बसलं की न्यायला येतो,” म्हणाला. मूल झालं, तापानं गेलंही. एबो आला नाही. आलं ते त्यानं रचलेलं गाणं.

आज रेडिओवाल्यांनी त्याला बंदराजवळच्या मैदानात सत्काराला आणलं होतं. “जाऊ दे गं, म्हातारा झालाय,” शेजारीण अजोआ म्हणाली. अराबा धुरकटलेल्या कपड्यांनिशीच निघाली. मग अजोआही बाजारातल्या बायका घेऊन मागोमाग गेली.

निवेदकानं गाण्यामागची गोष्ट विचारली. एबोनं उसासा टाकला. “जीव लावला होता हो. पण पोरीला मोटार दिसली आणि मी दिसेनासा झालो.” लोक हळहळले.

“कुणाची मोटार रे, एबो?” अराबा उभी राहून ओरडली. “रंग तरी सांग तिचा!”

एबोचा चेहरा उतरला. मग तो हसला. “अगं अराबा, गाण्यात थोडं इकडचं तिकडे होतंच. तुझं नाव अमर केलं की मी!”

“अमर? लेकराला माती द्यायला मी एकटी होते! नंतर जिथे जिथे माझी सोयरीक निघाली, तिथे तुझं गाणं माझ्याआधी पोचलं. आता स्वतःचं नाव घालून म्हण. म्हण, ‘एबो, परत ये’!”

“आजी, कार्यक्रम थेट चाललाय,” निवेदक गयावया करू लागला.

“बरंच झालं. ऐकू दे सगळ्यांना.”

एबो गिटार आवरू लागला. तेव्हा अजोआनंच सूर लावला, ‘एबो, परत ये, लेकराला न बघता तुला झोप कशी लागते?’ बायकांनी तो उचलून धरला. रेडिओवर घाईघाईनं जाहिरात लागली. एबो गाडीत बसून निघून गेला.

परतताना अजोआनं विचारलं, “आता तरी गार झालीस?”

“गार कशानं होऊ?” अराबा फणकारली. “चुकलो म्हणाला का तो?”