ज्यूकबॉक्सची पट्टी

ज्यूकबॉक्स दुकानात आला तेव्हा त्याचा सगळा धातू काळवंडलेला होता. नाणं टाकलं की गाणं वाजवणारं ते धूड एका हॉटेलमालकाने अडगळीतून बाहेर काढलं होतं. पॉलिशवाल्याने स्क्रू काढले, जाळी, कडेच्या पट्ट्या, नाण्याच्या फटीची चौकट टेबलावर मांडली आणि म्हणाला, "पन्नास वर्षं आंघोळ नाही वाटतं!"

ऐकायला कोणी नव्हतं. पूर्वी बायको मागे स्टुलावर बसून सुटे स्क्रू डब्यांत लावायची आणि त्याच्या पाणचट विनोदांना नाक मुरडायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं. हल्ली त्याला एकच गोष्ट खात होती: तिचा चेहरा नीट आठवत नव्हता. फोटो होता, पण त्यात ती परीक्षेला बसल्यासारखी दिसे. ती ही नव्हेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुंद पट्टी चमकली. तिच्यात दुकान उमटलं: खिडकी, कपाट, त्याचा स्वतःचा कान. मागे स्टुलावर कोणीतरी मान खाली घालून स्क्रू निवडत होतं. तो गर्रकन वळला. स्टूल रिकामं होतं. पुन्हा पट्टीत पाहिलं, तर ती होतीच. अंगावर सर्रकन काटा आला आणि, खोटं कशाला बोला, आनंदही झाला.

मग जो भाग चमके त्यात ती दिसू लागली. जाळीत, चौकटीत, अगदी बटणांतसुद्धा. चेहरा तेवढा धूसर राही. पट्टी सगळ्यांत मोठी, म्हणून तो तीच घासत बसला.

आठव्या दिवशी लेक जेवणाचा डबा घेऊन आली.

"बाबा, अजून हीच पट्टी?"

"जरा धूसर आहे."

"अहो, आरसा झालाय तिचा!" लेकीने पट्टीत पाहून केस सारखे केले. तिला आईबिई काही दिसली नाही. "निकेलचा थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा असतो, हे तुम्हीच सांगता ना? खालचं पितळ निघालं की संपलं."

"मला शिकवू नकोस."

एवढं तोडून तो लेकीशी कधी बोलला नव्हता. ती डबा ठेवून गेली.

संध्याकाळी हॉटेलमालक सामान न्यायला येणार होता. पॉलिशवाल्याने डब्याला हातही लावला नाही. फडक्यावर पेस्ट घेतली आणि अंगठ्याने चेहऱ्याच्या जागी घासू लागला. कपाळ दिसलं. भुवया दिसल्या. बायकोने हळूहळू मान वर केली, मग हातही वर केला, कोणी मारायला आल्यावर करतात तसा. त्याला ते कळलं. तरी तो म्हणाला, "थांब गं, एवढंच," आणि जोर लावला.

फडकं उचललं तेव्हा तिथे नाण्याएवढं पिवळं पितळ उघडं पडलं होतं.

त्याने घाईघाईने जाळी उचलली. चौकट उचलली. प्रत्येकात ती हात वर करून बसली होती, आणि प्रत्येकात चेहऱ्याच्या जागी तोच पिवळा डाग होता.

"चुकलं माझं," तो रडत म्हणाला.

मग त्याने डोळे मिटले आणि तिला आठवून पाहिलं. वेणी आठवली. मानेवरचा तीळ आठवला. खोकण्याचा आवाजसुद्धा आठवला. चेहऱ्यावर मात्र नुसतं गुळगुळीत, पिवळं पितळ होतं.