शेपटीपाशी एक वळसा

“बोटीवरच्या पाहुण्यांना वाळूतल्या चित्राची खोटी रेघ दाखवायची, पण हाताला तिची सवय लागू द्यायची नाही,” बुबू लेतांबे नातीला बजावायची. रोलिन तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आलेली. “त्यांना काय कळतंय, बुबू? फोटो काढतात नि जातात,” म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं.

आता बुबूचे दिवस भरत आले होते. रोलिननं लेकीला कडेवर घेऊन बुबूपुढे वाळू पसरली. मेल्यावर दक्षिणेच्या किनाऱ्याच्या वाटेत एक बाई बसलेली असते, ती वाळूतलं कासव अर्धं पुसून ठेवते. बोट न उचलता ते पुरं केलं तर पुढे सोडते, नाहीतर गिळते, हे मालेकुला बेटावर पोराटोरांनाही ठाऊक.

“पाहुण्यांचं नको गं. आपलं काढ.”

“आपलंच काढतेय. कॉलेजात डोळे ठेवून आलीस का?”

म्हातारीचं बोट वाळूत टेकलं. सरसर फिरत शेपटीपाशी आलं आणि तिथं त्यानं एक जादा वळसा घेतला. बोटीवाल्यांसाठीचा. रोलिनलाही पाहुण्यांचंच कासव येत होतं; वळशाऐवजी तिथं काय हवं ते तिला ठाऊक नव्हतं. खरं कासव जाणणारी दुसरी म्हातारी गावात उरली नव्हती.

“शेपटीपाशी परत बघ ना.”

बुबूचा चेहरा उतरला. “चुकलं का गं? आत्ताच सांग. तिथं सांगायला कुणी नसणार.”

सुरण सोलता सोलता रोलिनचा नवरा मासिंग म्हणाला, “कशाला छळतेस तिला? पाद्री म्हणतात, स्वर्गात चित्रंबित्रं विचारत नाहीत.”

“पाद्र्याला नसतील विचारत,” बुबू म्हणाली. नजर मात्र रोलिनवरच होती.

खरं सांगावं तर खरी रेघ आणायची कुठून?

“बरोबर आहे, बुबू.”

“मग झालं,” म्हणून म्हातारीनं हात झटकले. रविवारी ती गेली, निवांत चेहऱ्यानं.

तेव्हापासून लेक वाळूत बोट फिरवू लागली की रोलिन तिचा हात धरते. आणि दक्षिणेच्या किनाऱ्याकडे निघालेल्या प्रत्येकाला गाठते. तुम्हीही त्या बाजूला गेलात तर तुम्हालाही म्हणेल, “जाताच आहात तर बघाल का? वाटेत आमची म्हातारी वाळूवर वाकून बसलीय का अजून? हाक मारू नका, बोट उचललं जाईल तिचं. फक्त मला येऊन सांगा.”